करून राहिलो

माझा नवरा ऑगस्टमधल्या एका दुपारी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये हार्ट अटॅकनं गेला. गाडीचं दार उघडून तो आत बसलाही नव्हता. टेक्सासमधल्या प्लेनोत ऑगस्टमध्ये गाड्यांचे पत्रे इतके तापतात की अँब्युलन्समधून आलेल्या बाईनं दाराला टेकलेला हात झटकन मागे घेतला, असं सिक्युरिटीच्या माणसानं मला नंतर सांगितलं. त्या वेळी मी त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका मॅन्युअलमधले स्वल्पविराम तपासत होते.

आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. तो इंजिनीअर, मी टेक्निकल रायटर. इंजिनीअर जे लिहितात ते माणसांना वाचता येईल असं करायचं, ही माझी नोकरी. त्याचं काम सांगायला थोडी जास्त जागा लागेल. युरोपातल्या काही देशांची हवाई दलं एकत्र मोहिमा करतात. त्या मोहिमांत वैमानिक बसलेली लढाऊ विमानं आणि त्यांच्या सोबत कुणीच न बसलेली विमानं, अशी दोन्ही एकदम उडवायचा बेत आहे. एका वैमानिकाच्या हुकमात अशी दोन-तीन रिकामी विमानं. या सरावासाठी लागणारे सिम्युलेटर आमची कंपनी करते. वैमानिकानं हुकूम दिल्यावर रिकाम्या विमानानं काय उत्तर द्यायचं, किती थोडक्यात द्यायचं, आणि मोहिमेच्या मधेच ते विमान एका देशाच्या वैमानिकाकडून दुसऱ्या देशाच्या वैमानिकाकडे सोपवलं तर त्या दुसऱ्याला पडद्यावर काय दिसलं पाहिजे, हे ठरवणं माझ्या नवऱ्याकडे होतं. सगळे त्या विमानांना ड्रोन म्हणत. तो घरी ‘जोडीदार’ म्हणायचा. ऑफिसचा एक कागद त्यानं कधी घरी आणला नाही. तसा नियम होता आणि तो नियम पाळणारा माणूस होता. घरी यायचं ते फक्त कोडं, कागदाशिवायचं.

त्या कोड्याचं उत्तर त्याला त्याच्या आईच्या फोनवर सापडलं.

सासूबाई नागपूरला असतात. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेवर गोळ्या दिल्या आणि आता स्वतःची ब्लड प्रेशरची गोळी विसरतात. आमचा नाश्ता चाललेला असताना तिकडे संध्याकाळ असते, तेव्हा तो रोज फोन स्पीकरवर टाकून विचारायचा.

“आई, गोळी घेतली का?”

“घेते ना बापा.”

“घेते म्हणजे कधी घेते?”

“घेऊन राहिली ना. पाणी तर पिऊ देशील का नाही?”

एका सकाळी हे ऐकून त्यानं हातातला टोस्ट खाली ठेवला. मला म्हणाला, “ऐकलंस? घेते, आणि घेऊन राहिली. घेते म्हणजे नुसता शब्द दिलाय. घेऊन राहिली म्हणजे गोळी जिभेवर आहे.”

मी म्हटलं, “आपण ‘घेतेय’ म्हणतो की.”

“घेतेय वर विश्वास नाही ठेवता येत. पुण्याचा माणूस ‘निघतोय’ म्हणतो तेव्हा तो अजून आंघोळीला गेलेला नसतो.”

त्या दिवसापासून त्याच्या रिकाम्या विमानाला चार उत्तरं मिळाली. ऐकलं. समजलं. करतो. करून राहिलो. त्याचं म्हणणं असं की वेगवेगळ्या देशांचे वैमानिक एकमेकांना ‘येस’ म्हणतात तेव्हा कुणाचा येस पहिल्या पायरीवरचा असतो, कुणाचा तिसऱ्या. माणसाच्या आवाजावरून ते थोडंफार कळतं. यंत्राला आवाज नाही, म्हणून त्याच्या पायऱ्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. आणि सगळ्यांत मोठी उडी तिसऱ्या आणि चौथ्या पायरीमध्ये आहे. हुकूम मान्य करणारं विमान आणि हुकमाप्रमाणे वळलेलं विमान ही दोन वेगळी विमानं आहेत, असं तो म्हणायचा. ऐ, स, क, रा. इंग्रजी अक्षरांत ए, एस, के, आर. टीममधल्या अमेरिकन मुलांनी त्याचं ‘आस्कर’ केलं. ते ‘आस्क’वरून आलं असावं असा त्यांचा समज झाला आणि त्यानं तो दूर केला नाही.

एका माणसाला मात्र खरं माहीत होतं. तो आमचा डायरेक्टर. पुण्याचा, आमच्याच वयाचा, वीस वर्षांच्या ओळखीचा. प्लेनोशेजारच्या फ्रिस्कोत त्याचं घर आमच्या घरापासून दोन सिग्नलवर आहे. मला वहिनी म्हणतो. दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एक पदार्थ घेऊन यायच्या जेवणाला, आमच्याकडे आलेला असताना नवऱ्यानं त्याला गोळीची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की हातातली प्लेट त्याला काउंटरवर ठेवावी लागली.

“अरे, नागपूरची संत्री आता युरोपात एक्सपोर्ट करतोस का?”

“गोड लागतील त्यांना,” नवरा म्हणाला.

“पण यार, तुमच्याकडे सगळे करूनच राहतात. पूर्ण कधी कुणी करतं का?”

सगळे हसले. नवराही हसला. तेव्हापासून दर पॉटलकला ‘काय करून राहिला बे’ हे त्याचं ठरलेलं स्वागत झालं, आणि ते तो नाकातून, मान वाकडी करून म्हणायचा. आमच्याकडे कुणीही असं बोलत नाही. सासूबाईही नाही.

मीही त्यातून सुटलेली नाही, हे इथंच लिहून ठेवते. मी नाशिकची. शाळेत शुद्धलेखनाची बक्षिसं घेतलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या मैत्रिणींसमोर तो ‘मी येऊन राहिलो’ म्हणाला आणि मी त्याला हळूच ‘येतोय’ असं सुधारलं. त्यानं मला काही म्हटलं नाही. पण पुढची कितीतरी वर्षं तो माझ्याशी एक मराठी बोलायचा आणि आईशी दुसरी. माझ्यासमोर फोन स्पीकरवर टाकायला त्याला फार वेळ लागला. माझा राग नुसता डायरेक्टरवर असता तर कदाचित तो इतका टिकला नसता.

शोकसभा फ्रिस्कोतल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये झाली. आमच्या बौद्ध मंडळींपैकी जवळपास सगळे आले. युनिव्हर्सिटीत शिकणारी दोन मुलं होती, त्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, नवऱ्याच्या पुस्तकांमधला एक उतारा वाचला. फोटोपुढे मेणबत्त्या होत्या. डायरेक्टर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “वहिनी, तुमच्यात तेरावं वगैरे असतं का?”

“नाही.”

“बरंय. सुटसुटीत.”

मग तो बोलायला उभा राहिला. चांगलं बोलला. शेवटी डोळे पुसले आणि म्हणाला की वर जिथं कुठं तो असेल तिथं कुणीतरी त्याला विचारत असेल, आणि मान वाकडी करून, नाकातून, ते वाक्य त्यानं म्हणून दाखवलं. हॉलमध्ये ओलं हसू पसरलं. माझ्या मुलीला मराठी समजते, बोलणं जड जातं. तिनं माझा हात धरला आणि कानात म्हणाली, “आई, ही मीन्स इट लव्हिंगली, राइट?”

 मी त्याच्या नाकाकडे बघत होते.

ऑक्टोबरमध्ये माझ्या टेबलावर एक दस्तऐवज भाषेच्या तपासणीसाठी आला. नवऱ्याचंच काम, नव्या आवृत्तीत. पहिल्या पानावर लेखक म्हणून त्याचं नाव असायचं. तिथं आता डायरेक्टरचं नाव होतं, एकट्याचं. मी पान उलटलं. शीर्षकात आस्कर नव्हतं, ‘आस्क’ होतं. चौथी पायरी काढून टाकली होती. ‘करतो’ आणि ‘करून राहिलो’ पडद्यावरच्या एकाच हिरव्या दिव्यात घातले होते.

मी त्याच्या केबिनमध्ये गेले. तो खुर्चीतून उठला, मला बसायला सांगितलं, दार लावलं. या बाबतीत त्याची वागणूक नेहमीच चांगली.

“पहिल्या पानावरचं नाव?” मी विचारलं.

“वहिनी, मलाही बरं नाही वाटलं. पण प्रोसेस आहे. दस्तऐवजाबद्दल प्रश्न आले तर उत्तर देणारा माणूस लेखक म्हणून लागतो. तो आता... म्हणजे तुम्ही समजू शकता.”

“आभाराचं पान असतं.”

“ते या टेम्प्लेटमध्ये नाही.”

“आणि आर?”

तो हसला. खरंच मनापासून हसला, जणू आम्हां दोघांची एखादी जुनी गंमत निघाली होती. “अहो, ते तुम्हाला माहितीच आहे काय होतं ते. त्याचं ते नागपुरी. इंग्रजीत एकच होतं दोन्ही. आणि आस्क बघा ना, कसं लक्षात राहतं. स्लाइडवर घातलं की सुटसुटीत.”

दुसऱ्यांदा तोच शब्द. मी उठले. जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर आले आणि खिडकीतून पार्किंग लॉटकडे बघत उभी राहिले. जिथं नवरा पडला त्या जागी कुणाची तरी पांढरी टेस्ला उभी होती.

आता पुढचं मी नीट लिहिलं पाहिजे. चौथी पायरी काढण्यात काय चूक आहे हे मला त्या दिवशीच दिसलं होतं. मी इंजिनीअर नाही, पण सहा महिने नाश्त्याला दुसरं काही ऐकलं नव्हतं. समजा, एका वैमानिकानं रिकाम्या विमानाला पुढे जायला सांगितलं. विमानानं हुकूम मान्य केला, पण आधीचं काम संपेपर्यंत ते वळलं नाही. दिवा हिरवा झाला. त्याच क्षणी ते विमान दुसऱ्या देशाच्या वैमानिकाकडे सोपवलं गेलं. त्याला नुसता हिरवा दिवा दिसतो. विमान पुढे गेलेलं आहे असं समजून तो त्याच्या आडोशानं आत, शत्रूच्या हद्दीत, शिरतो, आणि पुढे कुणी नसतं.

तपासणीचा एक तक्ता असतो. त्यात माझ्या नावाची ओळ असते आणि शंका लिहायला दहा दिवस असतात. मी आधी एक गोष्ट पाहून घेतली. ही आवृत्ती जानेवारीतल्या प्रात्यक्षिकापुरती होती, फक्त सिम्युलेटरसाठी. खऱ्या विमानापर्यंत जाण्याआधी ती आणखी दोनदा माझ्याकडून जाणार होती. हे वेळापत्रक मी दोन वेळा वाचलं. ते तसं नसतं तर मी काय केलं असतं, हे मला ठाऊक आहे असं मी म्हणते, पण त्याची परीक्षा झालेली नाही.

मग मी तक्ता भरला. स्वल्पविराम लिहिले. दस्तऐवजातल्या एका आकृतीचा क्रमांक चुकला होता तो लिहिला. ‘विल’ आणि ‘शॅल’ यांची सरमिसळ लिहिली. परिच्छेदाच्या सुरुवातीची जागा कमी-जास्त होती तीही लिहिली. डायरेक्टरनं मला मेल पाठवली की इतकी बारकाईची तपासणी त्यानं कधी पाहिली नाही. चौथ्या पायरीबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही.

त्याच आठवड्यात मी दुसरा एक कागद तयार केला. दुरुस्तीचा प्रस्ताव. चौथी पायरी परत घ्यावी, ती का लागते, तिला काय म्हणावं, सगळं. तो पूर्ण केला आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माझ्या फोल्डरमध्ये ठेवून दिला.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मुलगी घरी आली. ती ऑस्टिनला शिकते. मी भरली वांगी केली होती, खूप दिवसांनी. ती ओट्याला टेकून माझ्याकडे बघत राहिली.

“यू आर इन अ गुड मूड,” ती म्हणाली. “इट्स काइंड ऑफ स्केअरी.”

“वांगी चांगली मिळाली.”

“आई. काय झालं?”

मी तिला सगळं सांगितलं. तिनं गॅस बारीक केला. मग म्हणाली, “बाबा वुड हॅव जस्ट टोल्ड हिम.”

“हो.”

“सो?”

“सो बाबा गेला. आता मी आहे.”

तिनं एक वांगं वाटीत घेतलं आणि उभ्यानंच खाल्लं. जरा वेळानं म्हणाली, “त्या काकांनी हॉलमध्ये तो आवाज काढला ना. आय हेटेड इट. मी तुला खोटं विचारलं.”

आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. आमच्या मंडळींमधले एक वयस्क काका आहेत, त्यांनी मला एकदा मैत्रीभावनेबद्दल, दुखावणाऱ्याचंही भलं चिंतण्याबद्दल, चांगलं समजावलं होतं. मी ते ऐकलं होतं. समजलंही होतं. तिसऱ्या पायरीवर मी गेले नाही.

जानेवारीत पाहुणे आले. तीन देशांचे वैमानिक आणि त्यांचे अधिकारी. त्यांच्यात एक स्पॅनिश वैमानिक बाई होती, पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, कमी बोलणारी. डायरेक्टरनं स्लाइड दाखवल्या. आस्क हा शब्द पडद्यावर मोठा झाला, लहान झाला. मी मागच्या रांगेत मॅन्युअलची प्रत घेऊन बसले होते, कारण पाहुण्यांना शब्दांबद्दल काही शंका आलीच तर टेक्निकल रायटर हजर असावी असा रिवाज आहे.

तिघं तीन सिम्युलेटरमध्ये बसले. पहिले दोन प्रसंग चांगले गेले. तिसऱ्यात पहिल्या वैमानिकानं रिकामं विमान पुढे धाडलं, दिवा हिरवा झाला, आणि तेव्हाच ते स्पॅनिश बाईकडे सोपवलं गेलं. ती आत शिरली. अर्ध्या मिनिटात तिचं विमान पडद्यावरून नाहीसं झालं. डायरेक्टर म्हणाला, पुन्हा करून बघू. पुन्हा केलं. ती पुन्हा पडली. त्या वेळी तिनं हेडसेट काढून मांडीवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सावकाश इंग्रजीत, विचारलं: “‘मी जातोय’ असं त्या विमानानं मला सांगितलं. ते जात होतं, की जाणार होतं?”

नवऱ्यानं टोस्ट खाली ठेवून विचारलेला प्रश्न हाच.

डायरेक्टर म्हणाला की दोन्ही त्यातच येतं. ती म्हणाली, दोन्ही त्यात कसं येईल? तो म्हणाला, मॅन्युअलमध्ये स्पष्ट केलेलं आहे. ती म्हणाली, कुठं? तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खोलीतल्या कुणाला कळू नये म्हणून तो मराठीत बोलला.

“वहिनी, ते कुठंय, जरा बघता का?”

“बघते,” मी म्हटलं.

मी पेनाचं टोपण लावलं. मॅन्युअल मांडीवर होतं, तसंच बंद राहिलं. तो पाहुण्यांकडे वळून काहीतरी बोलत राहिला, मधे थांबला, माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

“वहिनी?”

“हो, बघते.”

त्यानं आणखी थोडा वेळ वाट पाहिली. स्पॅनिश बाईनंही पाहिली. ती कधी त्याच्याकडे बघत होती, कधी माझ्या हातांकडे. शेवटी त्यांच्या एका अधिकाऱ्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि जेवायची वेळ झाली आहे असं सांगितलं. जाताना कुणी डायरेक्टरशी फार बोललं नाही. मी माझी खुर्ची जागेवर सरकवली. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला खरीखुरी भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला बोलावलं. या वेळी तो उठला नाही.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“ऑक्टोबरपासून?”

“हो.”

“मग तक्त्यात लिहिलं का नाही? तुमचं कामच आहे ते.”

“इंग्रजीत दोन्ही एकच होतं, असं तुम्ही सांगितलं होतं. मी भाषेची माणूस. मी ऐकलं, समजलं.”

त्यानं समोरचा लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “आणि काल? सगळ्यांसमोर? तुम्ही बघते म्हणालात.”

“म्हणाले.”

“मग?”

“बघते म्हटलं होतं. बघून राहिली, असं म्हटलं नव्हतं.”

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. माझ्या तोंडून सासूबाईंची भाषा पहिल्यांदाच आली, आणि ती सरळ आली, नाकातून आली नाही. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “तो माझा मित्र होता, वहिनी,” तो हातांच्या आडून म्हणाला. ते खरंही असेल. मला त्याची दया येईल असं वाटलं होतं, म्हणून मी थोडी थांबले. आली नाही.

मी प्रस्तावाचा कागद त्याच्यासमोर ठेवला. तो वाचत गेला. शेवटच्या पानावर शब्दसूची होती, तिथं थांबला. चौथ्या पायरीसाठी मी एक शब्द सुचवला होता: राहिलो. कारणही दिलं होतं. वायरलेसवरचा शब्द दुसऱ्या कुठल्याही शब्दासारखा ऐकू येऊ नये. इंग्रजी शब्द प्रत्येक देशाचा माणूस आपापल्या इंग्रजीनं समजतो. जो शब्द त्यांच्यापैकी कुणाच्याच भाषेत नाही त्याला सगळ्यांसाठी एकच अर्थ राहतो. खाली व्युत्पत्ती लिहिली होती. नागपूरकडच्या मराठीतलं ‘करून राहिलो’. त्यापुढे, ही चार पायऱ्यांची पद्धत ज्यानं बसवली त्या इंजिनीअरचं पूर्ण नाव.

“हे नाव इथं कसं चालेल?”

“पहिलं पान तुमचं आहे. टेम्प्लेट आहे, प्रोसेस आहे. शब्दसूची माझी आहे. तिच्यात काय लिहायचं ते टेक्निकल रायटर ठरवते. नियम तुम्हीच केलाय.”

“शब्द बदलू. ‘एक्झिक्यूटिंग’ म्हणू.”

“म्हणा. मी पाहुण्यांना दोन्ही पाठवते, त्यांना निवडू द्या.”

पाहुण्यांनी ‘राहिलो’ निवडला. स्पॅनिश बाईनं उत्तरात एकच ओळ लिहिली होती, की हा शब्द गोंगाटातही कळतो. डायरेक्टरनं सही केली. ती सही मी भिंग न लावताही नीट पाहिली. नेहमीपेक्षा लहान होती.

मार्चमधल्या एका सकाळी सासूबाईंचा फोन आला. आता गोळीचं मी विचारते. त्यांनी घेतली होती. मग त्यांनी विचारलं, “त्याच्या त्या कामात त्याचं नाव राहिलं का गं?”

“राहिलं,” मी म्हटलं. पहिल्या पानावर लिहायचं राहिलं आणि शेवटच्या पानावर टिकून राहिलं, दोन्ही एकाच शब्दात आलं. कुठल्या अर्थानं, ते त्यांनी विचारलं नाही, आणि फोनवर त्यांच्या नाक ओढल्याचा आवाज आला.

एप्रिलमध्ये पाहुणे परत आले. आस्कचं पुन्हा आस्कर झालं होतं, दिवे चार होते. कागदाप्रमाणे नवा शब्द वैमानिकांना शिकवायचं काम दस्तऐवजाच्या लेखकाचं असतं, म्हणजे पहिल्या पानावर ज्याचं नाव आहे त्याचं. मी मागच्या रांगेत होते. डायरेक्टर पडद्याजवळ उभा राहिला आणि खाली बघत पटकन म्हणाला, “राहिलो.”

एक फ्रेंच वैमानिक म्हणाला, “राइलो?”

“ह आहे,” डायरेक्टर म्हणाला. “राहिलो.”

स्पॅनिश बाईनं शब्दसूचीचं पान उघडलं होतं. तिनं बोट ठेवून विचारलं की हा माणूस कोण, आणि हे पूर्ण वाक्य कसं म्हणतात.

त्यानं तिच्या बोटाखालचं नाव पाहिलं. मग इंग्रजीत सांगितलं, की तो त्यांचा सहकारी होता, नागपूरचा होता, पद्धत त्याची आहे. हे त्यानं तीन वाक्यांत सांगितलं आणि त्यात एकही विनोद नव्हता. मग वाक्य म्हटलं. मान सरळ ठेवून, नाकातून नाही, पण इतक्या हळू की पहिल्या रांगेच्या मागे कुणाला ऐकू गेलं नसेल.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “वहिनी, बरोबर ना?”

मी म्हटलं, “मागे ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणा. ‘करून’पासून.”

त्यानं पुन्हा म्हटलं.